घरी जुळविलेला संगणक सुरू का होत नाही?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्यासपीठांवर पुष्कळ विषय बोलून झाले आहेत. त्या पंगतीत आजचा विषय पाहून काही मंडळींना हसू आले असेल. एकाने तर मघाशी मला विचारलेच, की हे काम दुकानातल्या मुलाचे, त्यावर तासभर बोलायचे काय? मी त्यांना म्हटले, बोलून तर पाहू.

एरंडोलला एक मुलगी आहे असे आपण धरून चालू. बारावीची परीक्षा आटोपली आहे, सुटी आहे, बाहेर ऊन मी म्हणते आहे. कपाशीच्या पैशातून वडिलांनी संगणकासाठी चाळीस-पन्नास हजार रुपये बाजूला काढले. तयार यंत्र घेण्याऐवजी मी सुटे भाग आणून घरीच जुळवते, असे मुलीने सांगितले आणि वडिलांनी मान्य केले. तिने वह्या भरून टिपणे काढली. काही भाग जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणले, काही मुंबईहून कुरियरने आले. दोन संध्याकाळी खपून तिने सगळे जुळवले. तिसऱ्या संध्याकाळी आजीने कॅबिनेटला हळदकुंकू वाहिले, शेजारचे चार जण येऊन बसले आणि मुलीने बटण दाबले. काहीच झाले नाही.

"काय व्हयनं?" असे शेजारच्या काकांनी विचारले. वडील थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "तयारच आणला असता तर बरं झालं असतं."

त्या वाक्यावर मी आज बोलणार आहे. वडिलांचे चुकले असे मी म्हणत नाही; पैसे त्यांचे आहेत आणि त्यांना कष्टाने मिळालेले आहेत. पण त्या रात्री त्या घरात दोन निर्णय होऊन जातात. एक, काहीतरी जळाले असले पाहिजे, उद्या नवे आणू. आणि दुसरे नवे भाग आणल्यावरही पहिला दोष तसाच राहतो, कारण तो शोधलेलाच नसतो. दुसरा निर्णय मुलगी मनात घेते, की हे आपले काम नव्हे. पहिल्या निर्णयाने काही हजार रुपये जातात. दुसऱ्याने किती जाते याचा हिशेब मला मांडता येत नाही. आणि बहुतेक वेळा जळालेले काहीच नसते. नव्या जुळणीतला दोष बहुधा न बसलेल्या जोडणीत, राहून गेलेल्या तारेत किंवा अपुऱ्या धीरात असतो.

आता मी तुम्हांला मुंबईला घेऊन जातो, कारण आपल्या देशात बांधलेला पहिला अंकीय संगणक घरीच जुळविला गेला, आणि 'घरी' म्हणजे मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्था डॉ. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केली. तिथे रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींच्या एका गटाने १९५० नंतरच्या दशकात संगणक बांधायला घेतला. बाजारात तयार भाग नव्हते, बांधून पाहिलेला कोणी शेजारी नव्हता. पूर्ण झालेल्या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. सगळा पसारा अठरा फूट लांबीच्या पोलादी सांगाड्यात उभा होता. यातल्या एकेका रोधकाची दोन-दोन टोके धरली तर नुसत्या रोधकांचेच पंचवीस हजार डाग. एक कच्चा डाग म्हणजे एक दोष. एरंडोलच्या मुलीपुढे जेवढ्या शंकास्थाने आहेत त्याच्या कित्येक पट या मंडळींपुढे होती.

त्यांनी काय केले, तर मोठे यंत्र एकदम बांधलेच नाही. आधी एक लहान, नमुन्याचे यंत्र बांधले. ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. आपली कल्पना चालते, आपले मंडल चालते, आपला स्मृतिकोश चालतो, एवढे त्या लहान यंत्रावर पारखून घेतले आणि मगच मोठ्या यंत्राला हात घातला. ते फेब्रुवारी १९६० मध्ये कामाला लागले आणि १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. इंग्लंडात मँचेस्टरलाही असेच घडले होते. २१ जून १९४८ रोजी तिथल्या ज्या यंत्राने स्मृतीत साठविलेला कार्यक्रम प्रथम चालवून दाखविला, त्याचे टोपणनावच 'बेबी' होते. त्याच्या स्मृतीत अवघे ३२ शब्द मावत. त्या दिवसापर्यंत त्याच्या पडद्यावर ठिपक्यांचा निरर्थक नाच चालायचा आणि उत्तर येत नसे. मग दोष काढायचा, पुन्हा चालवायचे. शेवटी ५२ मिनिटे चालून यंत्राने बरोबर उत्तर दिले. विल्यम्स, किलबर्न आणि टूटिल ही ज्यांची नावे त्या यंत्राशी जोडलेली आहेत, त्यांच्याही यंत्राने पहिल्या बटणाला दाद दिली नव्हती, एवढे एरंडोलच्या त्या घरात कोणी सांगायला हवे होते.

लहान यंत्र आधी, ही युक्ती घरच्या संगणकालाही जशीच्या तशी लागू आहे. तिच्याकडे मी येतोच. पण त्याआधी 'सुरू होत नाही' या तक्रारीची फोड करायला हवी. वैद्याकडे जाऊन कोणी "बरे नाही" एवढेच म्हटले तर वैद्य काय देणार? संगणक सुरू होत नाही याचे निदान चार वेगळे अर्थ आहेत. बटण दाबले तरी पंखाही हलत नाही, हा एक. पंखा क्षणभर फिरून थांबतो, किंवा फिरतो-थांबतो-फिरतो, हा दुसरा. पंखे छान फिरतात पण पडदा काळाच राहतो, हा तिसरा. आणि पडद्यावर अक्षरे येतात पण पुढे काही होत नाही, हा चौथा. चारांची कारणे निराळी, घरे निराळी. पहिल्या तक्रारीत रॅम बदलणारा आणि चौथीत एसएमपीएस बदलणारा, दोघेही दुकानदाराचे भले करतात.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. रावेरकडे केळीच्या बागेत मोटार सुरू झाली नाही तर तो मोटार बदलायला धावतो का? तो आधी स्टार्टरपाशी जातो. लाईन आहे का पाहतो. तिन्ही फेज आहेत का, टेस्ट लॅम्प लावून पाहतो. मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, म्हणजे एक फेज गेला, हे त्याला आवाजावरून कळते. मग फ्यूज, मग स्टार्टरचे पॉईंट, मग केबल, आणि सगळ्यांत शेवटी विहिरीतली मोटार वर काढण्याचा खटाटोप. वीज ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तो चालत जातो. ठिबकचे पाणी एखाद्या पट्ट्यात पोहोचत नसेल तर सगळे ड्रीपर उपटून पाहत नाही. नळी मध्यावर उघडतो. तिथे पाणी असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा अर्धा. चौसष्ट जागांचा संशय असला तरी या रीतीने सहा वेळा पाहिले की एक जागा हाती लागते. गणिताच्या पुस्तकात या रीतीला भारदस्त नाव आहे. ठिबक सिंचनाच्या या गावात ती बांधावर रोज वापरली जाते.

मग संगणकात वीज कुठल्या वाटेने जाते? ही वाट नीट समजली तर निम्मे काम झाले, म्हणून इथे थोडा वेळ घेतो. ज्या पेटीला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो तिचे खरे नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, तो बिस्किटाएवढा असतो. हे नाव दुरुस्त करायचा मी नाद सोडला आहे. पेटीत मागच्या बाजूला एसएमपीएस नावाचा डबा असतो. भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा सरळ प्रवाह करून देतो. त्याची मागची कळ चालू केली की बटण न दाबताही तो मदरबोर्डला ५ व्होल्टची एक बारीक धार सतत देत राहतो. देवघरातल्या समईसारखी ती तेवत असते. पुष्कळ मदरबोर्डांवर यामुळेच एखादा बारीक दिवा लागलेला दिसतो. तो दिसला की भिंत, वायर, एसएमपीएसची मागची कळ इथपर्यंतची वाट बहुतेक ठीक आहे असे समजावे. कळीचे सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो: ती मागची कळ बंदच राहिली आहे, असे पुष्कळ घरांत निघते.

आपण समोरचे बटण दाबतो तेव्हा त्या बटणातून मोठा प्रवाह जात नाही. बटण दोन बारीक पिना क्षणभर जोडते, एवढेच. ती खूण मदरबोर्डला मिळते, मदरबोर्ड एसएमपीएसला उठवतो, आणि मग सगळे दाब उभे राहतात. ते स्थिर झाले की एसएमपीएस 'वीज ठीक आहे' अशी खूण परत पाठवतो. यात साधारण सेकंदाचा दहावा भाग ते अर्धा सेकंद जातो. तोपर्यंत प्रोसेसरला जागचे हलू दिले जात नाही. खूण आली की प्रोसेसर सुटतो आणि ठरलेल्या एका पत्त्यावर जाऊन बायोसमधली पहिली आज्ञा वाचतो. मग रॅम तपासतो, मग पडद्याची सोय पाहतो, आणि सर्वांत शेवटी विंडोज किंवा लिनक्स कुठे ठेवले आहे ते शोधतो. हा क्रम कधी उलटत नाही. म्हणून यंत्र कुठल्या पायरीवर थांबले ते ओळखले की वरच्या पायऱ्यांना दोष देण्याचे कारण उरत नाही.

हे ओळखायला यंत्र मदतही करते. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हापासून सुरुवातीला स्वतःची तपासणी करून शिट्टी वाजविण्याची पद्धत आहे. सर्व ठीक असेल तर एक छोटी शिट्टी. हल्ली कॅबिनेटबरोबर शिट्टीचा भोंगा बहुधा येत नाही. त्याऐवजी आजच्या पुष्कळ मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, पडदा आणि बूट. यंत्र ज्या पायरीवर अडते तिथला दिवा लागून राहतो. आणि माणसे काय करतात, तर पेटीचे झाकण लावून, स्क्रू आवळून मगच बटण दाबतात. दिवा आत बिचारा जळत राहतो, बाहेर घरातले सगळे काळा पडदा बघत बसतात.

आता पहिली तक्रार घ्या, पंखाही हलत नाही. एसएमपीएसकडून मदरबोर्डला दोन मुख्य तारा जातात. एक २४ पिनांची रुंद, ती सगळे लावतात. दुसरी आठ पिनांची, प्रोसेसरच्या जवळ वरच्या कोपऱ्यात लागणारी. ती कॅबिनेटच्या मागून ओढून आणावी लागते, जागा अडचणीची असते, आणि तिची आठवण पुष्कळदा शेवटपर्यंत राहत नाही. ती नसेल तर काही यंत्रे मुळीच हलत नाहीत आणि काही पंखे फिरवून गप्प बसतात. २४ पिनांची तारसुद्धा खटका वाजेपर्यंत बसलेली नसते. नवी असताना ती इतकी घट्ट जाते की बसली असा भास होतो. त्यानंतर समोरच्या बटणाची बारीक तार. ती मदरबोर्डच्या कोपऱ्यातल्या पिनांच्या झुंबडीत कुठे लावायची हे पुस्तिकेत दाखवलेले असते, पण अक्षरे मुंगीच्या पावलांएवढी. तिचा संशय असेल तर ती काढून टाकावी आणि बटणाच्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. यंत्र सुरू झाले तर दोष कॅबिनेटच्या बटणात किंवा तारेत आहे. इथे ५ व्होल्टच्या आतबाहेरचा खेळ आहे, भय नाही. मात्र पिना त्याच दोन असाव्यात, अंदाजाने कुठेही टोचू नये.

दुसऱ्या तक्रारीत, म्हणजे पंखा उठतो आणि पडतो तेव्हा, बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतो आहे. मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्या बोर्डच्या भोकांखालीच हव्यात. एखादी जास्तीची खुंटी भोक नसलेल्या जागी राहिली तर ती बोर्डच्या पाठीला टेकते आणि शॉर्ट करते. कधी हातातून निसटलेला एक स्क्रू बोर्डखाली जाऊन बसतो. पेटी हलवून खुळखुळ ऐकावी, ही परीक्षा गावठी असली तरी चांगली आहे.

इथे टिफ्रॅकच्या मंडळींची युक्ती वापरायची वेळ येते. सगळे बाहेर काढायचे. मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला ते खोके टेबलावर ठेवून त्यावर बोर्ड ठेवायचा. त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएसच्या दोन तारा. प्रोसेसरमध्येच पडद्याची सोय असेल तर ग्राफिक्स कार्डही नको. एसएसडी नको, कॅबिनेट नको, यूएसबीत काही खुपसलेले नको. दोन पिना जोडून हे लहान यंत्र सुरू करायचे. ते चालले तर दोष बाहेर ठेवलेल्या ढिगात आहे. नाही चालले तर याच चार वस्तूंत आहे. एका फटक्यात संशयितांची यादी निम्म्याहून खाली आली. चालले तर मग एकेक वस्तू वाढवायची, आणि प्रत्येक वस्तूनंतर पुन्हा सुरू करून पाहायचे. दोन वस्तू एकदम वाढवायच्या नाहीत. कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. पण दोन वस्तू एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झाले, तर कशाने झाले हे कळत नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा थांबले तर आपण पुन्हा पहिल्या घरात.

या कामात वही हवी. हार्वर्ड मार्क २ या यंत्राच्या एका रिलेत ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो काढून नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि बाजूला वेळ लिहिली, १५४५. ती वही आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणण्याची चाल त्या पतंगापासून पडली असे पुष्कळ ठिकाणी छापलेले असते, ते खरे नाही. एडिसनच्या काळी हा शब्द वापरात होता. मला त्या पतंगापेक्षा वहीचे कौतुक वाटते. आपल्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे आजही दप्तरे सांभाळते. कागद हाती आल्याशिवाय विधान करायचे नाही, ही त्यांची शिस्त. संगणकाच्या बाबतीत 'मी रॅम बदलून पाहिली होती बहुतेक' हे वाक्य त्या शिस्तीत बसत नाही. कुठली पट्टी, कुठल्या खाचेत, कुठला दिवा लागला, हे लिहून ठेवावे.

तिसरी तक्रार सर्वांत जास्त घरांत ऐकू येते: पंखे फिरतात, पडदा काळा. यात पहिला संशय रॅमवर घ्यावा, आणि तोही रॅम खराब असल्याचा नव्हे, ती नीट न बसल्याचा. पट्टी खाचेत दाबताना बोर्ड किंचित वाकतो, कडकड आवाज येतो आणि नवखा माणूस भिऊन हात सैल करतो. दोन्ही टोकांना खटका बसेपर्यंत दाबायला हवे. चार खाचा असतील तर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात. पहिल्या दोन नव्हेत. एकच पट्टी असेल तर दुसरीत. पुस्तिकेत हे लिहिलेले असते, पण मोकळी खाच दिसली की माणूस पहिलीत जाऊन बसतो, एस.टी.तही आपण असेच करतो.

आणि इथे एक नवी गोष्ट आहे, जुन्या जाणकारांनाही ती चकवते. हल्लीच्या डीडीआर ५ जातीच्या रॅमला पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्डशी आपला ताल जुळवून घ्यावा लागतो. त्याला दोन-चार मिनिटे लागतात, रॅम मोठी असेल तर त्याहून अधिक. एवढा वेळ पडदा काळा असतो आणि रॅमचा दिवा लागलेला असतो. घरातली सगळी मंडळी भोवती उभी असताना दोन मिनिटांचा काळोख फार मोठा वाटतो. कोणीतरी "बंद कर, बंद कर, जळेल" म्हणते आणि बटण दाबून यंत्र बंद केले जाते. पुन्हा सुरू केले की ताल जुळविणे पुन्हा पहिल्यापासून. असे चारदा करून 'बोर्ड गेला' असा निकाल लागतो. माझे सांगणे आहे की नव्या यंत्राला पहिल्या वेळी घड्याळ लावून पंधरा मिनिटे द्यावीत. धूर, जळका वास किंवा विचित्र आवाज आला तर गोष्ट वेगळी. तेव्हा सरळ भिंतीतली पिन काढावी.

रॅम ठीक असेल तर पडद्याची वायर पाहावी. ग्राफिक्स कार्ड बसवले आहे आणि वायर मात्र मदरबोर्डच्या भोकात लावली आहे, असे असेल तर कार्ड बिचारे चित्र काढत बसते आणि बघणारा कोणी नसतो. उलट, इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असते त्यात पडद्याची सोयच नसते. तिथे कार्डाशिवाय काळा पडदाच येणार. प्रोसेसर मदरबोर्डपेक्षा नवा असेल तर जुन्या बायोसला त्याची ओळखच नसते. अशा वेळी दोन्ही वस्तू निर्दोष असतात आणि बायोस नवी केली की चालू लागतात. बायोसची जुनी समजूत पुसायची असेल तर बोर्डवरचा रुपयाएवढा ३ व्होल्टचा सेल, वीज काढून, पाच मिनिटे बाहेर ठेवावा.

आता आपल्या खानदेशाचे म्हणून काही. ही पुस्तके आणि चित्रफिती बहुतेक थंड देशांत तयार होतात. जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, हे त्यांच्या हिशेबात नसते. प्रोसेसरच्या थंडकाच्या तळाला एक पारदर्शक कागद चिकटवलेला येतो; तो काढायचा राहिला, किंवा मधला लेप लावायचा राहिला, तर थंडीच्या दिवसांत यंत्र कसेबसे चालेल, इथे मेमध्ये ते काही वेळात स्वतःला बंद करील. हवा इतकी कोरडी असते की टेरिलीनचा सदरा काढताना ठिणग्या उडतात. तशीच ठिणगी बोटातून रॅमच्या पट्टीत गेली तर आपल्याला कळणारही नाही. म्हणून भाग हातात घेण्याआधी दर वेळी एसएमपीएसच्या उघड्या धातूला बोट लावावे. पिन भिंतीत, मागची कळ बंद. पण याचा उपयोग अर्थिंग असेल तरच.

आणि अर्थिंगची आपल्याकडे रडकथा आहे. तिसऱ्या भोकात तार आहे की नाही हे घर बांधणाऱ्यालाच ठाऊक. तार असली तरी आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, प्लेटपासून सुटते, ओल जाते आणि अर्थिंग नावापुरती उरते. जुने वायरमन खड्ड्यात मीठ-कोळसा घालून वर पाणी ओतायला सांगत, ते उगाच नव्हे. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात अशी तक्रार घेऊन जी माणसे भेटतात त्यांना वाटते, जोडणीत काही चुकले. एसएमपीएसच्या आत गडबड गाळण्यासाठी जे कॅपॅसिटर असतात ते अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर साधारण निम्मा दाब आणून ठेवतात. प्रवाह अगदी बारीक असतो, पण टेस्टर लागतो आणि हात झटकला जातो. इथे संगणक उघडून उपयोग नाही, वायरमनला बोलवावे.

एक गोष्ट मात्र कोणीही घरी उघडू नये, आणि ती म्हणजे तो एसएमपीएसचा डबा. पिन काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब काही काळ राहतो. डब्याचा संशय आला तर अख्खा डबा दुकानात न्यावा.

दुकानाशी माझे वैर नाही. आग्रा रोडवर काय किंवा गोलाणीत काय, चांगल्या कारागिराकडे एक गोष्ट असते जी आपल्या घरी नसते: खात्रीचा दुसरा बोर्ड, खात्रीची दुसरी पट्टी, खात्रीचा दुसरा डबा. ज्या चार वस्तूंवर लहान यंत्र अडले त्याच चार, मूळ खोक्यांत, बिलासह त्याच्याकडे न्याव्यात आणि वहीचे पान पुढे ठेवावे. 'पंखे फिरतात, रॅमचा दिवा राहतो, दोन्ही पट्ट्या एकेक करून दुसऱ्या खाचेत पाहिल्या, पंधरा मिनिटे थांबलो' असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी सहजासहजी नवा बोर्ड गळ्यात घालत नाही. प्रोसेसर बसतो त्या जागेतल्या किंवा प्रोसेसरच्या अंगच्या पिना वाकलेल्या असतील तर तेही आधीच भिंगाने पाहून, फोटो काढून ठेवावे. बदलून मिळण्याच्या वेळी वाद तिथेच होतो.

राहिली चौथी तक्रार. पडदा उजळतो, कंपनीचे चिन्ह येते आणि मग इंग्रजीत एक ओळ उमटते, की बूट करायला काही सापडले नाही. घरातली माणसे पुन्हा हताश होतात. वास्तविक वीज आली, प्रोसेसर जागा झाला, रॅम मोजली गेली, पडदा लागला आणि यंत्र शोध घेत शेवटच्या पायरीवर येऊन उभे राहिले आहे. एसएसडी कोरी आहे, म्हणून त्याला काही सापडले नाही. आता विंडोजचा किंवा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावायचा आणि पुन्हा सुरू करायचे.